आमच्या साडूंनी तपासलेले चित्रपट

भिवंडीत चित्रपट कळणारा एकच माणूस होता आणि तो मी नव्हतो, एवढं एक वाक्य लिहायला मला सहा वर्षं लागली. मधल्या काळात कितीतरी जणांनी विचारलं, की साप्ताहिकातलं तुमचं चित्रपटांचं सदर एकाएकी बंद का झालं. कुणाला मी डोळ्यांचं कारण सांगितलं, कुणाला गुडघ्यांचं. थिएटरच्या पायऱ्या आता चढवत नाहीत असं एका गृहस्थांना सांगितलं आणि पंधरा दिवसांत त्यांनीच मला वज्रेश्वरीच्या देवळाच्या पायऱ्या चढताना पाहिलं. त्यांनी नुसते हात जोडले आणि पुढे गेले. माझं वय आता एकोणऐंशी आहे. कुणाला कोणतं खोटं कारण सांगितलं हे लक्षात राहत नाही, म्हणून खरं काय ते लिहून टाकतो.

तो माणूस म्हणजे माझे साडू, माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. साडू हे नातं मोठं गमतीचं. ना आपण त्यांना निवडलेलं असतं, ना त्यांनी आपल्याला; दोघांनी वेगवेगळ्या वर्षी एकाच घरी जाऊन पोहे खाल्लेले असतात, एवढाच काय तो संबंध. मी शाळेत मराठी शिकवत होतो. साडू कोन गावाच्या पलीकडच्या एका खेड्यातले, सोळाव्या वर्षी भिवंडीत येऊन लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, उभे राहिलेले. पुढे रस्त्याकडेच्या त्यांच्या शेतावर गोदाम उभं राहिलं, मुलं गाडीतून फिरू लागली, तरी साडूंनी कापडाचा कारखाना सोडला नाही. चाळिशीत त्यांच्या कानांनी मात्र नोकरी सोडली. लूमच्या खडखडाटात वीस-बावीस वर्षं काढली की कान असे रजेवर जातात, आमच्याकडे त्याचं कुणाला नवल वाटत नाही. मालकाने त्यांना लूमवरून काढून कापड तपासण्याच्या टेबलावर बसवलं. तिरकं टेबल, खालून ट्यूबलाइट, वरून सरकत जाणारं कोरं कापड आणि त्याच्याकडे टक लावून बसलेले साडू. कुठे धागा तुटलेला, कुठे तेलाचा डाग, कुठे गाठ, ते शोधायचं आणि किनारीला तिथे लाल दोरा बांधायचा. हे काम त्यांनी सत्तरीपर्यंत केलं.

कान गेले म्हणून साडूंचं काही अडत होतं असं मात्र समजू नये. लूमच्या खात्यात मुळात कुणीच कानांनी ऐकत नाही. चार लूम पलीकडचा माणूस काय म्हणतो ते त्याच्या ओठांवरून ओळखायचं, हे तिथे सगळेच थोडंफार शिकतात. साडू त्यातले पंडित होते. लग्नकार्यात ते एका खुर्चीवर बसून मांडवाच्या दुसऱ्या टोकाला काय चाललंय ते आम्हाला सांगायचे. "नवऱ्याचा मामा बोलतंय, भात कच्चा हाय." दोन मिनिटांनी मामा खरोखरच आचाऱ्याच्या अंगावर धावून गेलेला दिसायचा. स्वतः बोलताना मात्र आवाजाचा अंदाज त्यांना नसे. खासगीतली गोष्टसुद्धा ते समोरच्या इमारतीला सांगितल्यासारखी सांगत. माझी बायको म्हणायची, "भाऊजी, हळू बोला, भिंतींना कान असतात," तर ते तिच्या ओठांकडे बघून म्हणायचे, "असूंदे ताई, कुनाला तरी असूंदे."

आमच्याकडे कारखान्यांना सुट्टी शुक्रवारची आणि नवा चित्रपट लागतो तोही शुक्रवारीच. हा योगायोग आपल्या सोयीसाठीच आहे अशी साडूंची ठाम समजूत होती. मी निवृत्त झालो, घरात बायकोच्या पायात पायात येऊ लागलो, तेव्हा तिने मला शुक्रवारी दुपारी साडूंबरोबर पिटाळायला सुरुवात केली. साडू चित्रपटाचे भक्त होते असं मी म्हणणार नाही. ते कुठल्या नटाचे चाहते नव्हते, गाणी त्यांना ऐकूच येत नसत, आणि बहुतेक नटांची नावंही त्यांना माहीत नव्हती. शुक्रवार आहे, सुट्टी आहे, चला, इतका साधा हिशोब. पण एकदा खुर्चीत बसले, की टेबलावर बसल्यासारखे बसत. पाठ ताठ, मान किंचित तिरकी. खिशातून वीतभर दोरा काढायचे आणि चित्रपटात कुठे खोट दिसली की अंधारातच त्याला एक गाठ मारायचे. बाहेर आल्यावर रिक्षाच्या मागच्या सीटवर तो दोरा बोटांमधून सरकवत ते एकेक गाठ मला समजावून सांगत. पाच गाठींपर्यंत चित्रपट 'फ्रेश'. दहापर्यंत 'सेकंड'. त्यापुढे 'चिंधी'. कापडाच्या बाजारातल्या या तीन प्रतींपलीकडे त्यांना समीक्षेची भाषा लागली नाही.

हल्लीच्या नायकांवर त्यांचा पहिला राग होता तो दाढीचा. अलीकडे कुठल्याही भाषेतला नायक घ्या, छातीपर्यंत दाढी, ओठांवर आलेली मिशी आणि तोंडात धुराची कांडी. आता अशा माणसाचे ओठ वाचायचे कसे? साडूंच्या दृष्टीने हे सगळे मूकपट होते. एकदा भर थिएटरात, नायक शत्रूला तीन मिनिटं काहीतरी सुनावत असताना, ते त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "याला आदी न्हाव्याकडं पाठवा, मंग काय त्यो बोलूंदे." सगळं थिएटर हसलं. मागच्या रांगेत उत्तरेकडची चार-पाच लूमवाली पोरं होती. त्यांच्यातला एक पुढे वाकून म्हणाला, "चाचा, डायलॉग मैं सुना दूँ?" साडूंनी वळून त्याचे ओठ वाचले आणि म्हणाले, "तू मत सुना. तू क्लीन शेव है, तू हिरो बन." पुढे ती पोरं आमच्याच मागे तिकीट काढू लागली. पडद्यावर काय चाललंय यापेक्षा चाचा काय म्हणतात याची त्यांना जास्त उत्सुकता असे.

दुसरा राग नायकाच्या चालण्यावर. नायक धुरातून संथ गतीने चालत येतो, मागे काहीतरी पेटलेलं असतं, कोट उडत असतो, आणि असा तो येतच राहतो. "येवड्यात मी मानकोलीला जाऊन आलो असतो," साडू म्हणत, "आनि ट्रॅफिक धरून." भाग एक, भाग दोन अशा तुकड्यांनी येणाऱ्या चित्रपटांना ते तपासायलाच तयार नसत. अर्धा तागा टेबलावर आणून टाकला तर त्याच्यावर शिक्का मारायचा कसा, असा त्यांचा सवाल होता. पडद्यावर 'पुढील भागात' अशा अर्थाची पाटी आली, की गाठी मारलेला दोरा ते तसाच घडी करून खिशात ठेवत आणि दोन-दोन वर्षं सांभाळत. आणि साठीच्या नायकाला तिशीचा दाखवण्याची जी नवी विद्या आली आहे, तिच्याविषयी त्यांचं मत एका ओळीचं होतं. "तोंडाला इस्त्री केली, मान विसरले." त्यानंतर कितीतरी दिवस मी पडद्यावर दुसरं काही बघूच शकलो नाही. ज्या नटाच्या तारुण्यावर वर्तमानपत्रं पानं भरत होती, त्याची मान मला आमच्या शाळेतल्या शिपायासारखी दिसू लागली.

कपड्यांच्या बाबतीत तर त्यांना फसवणं देवालाही शक्य नव्हतं. एका चित्रपटात कर्जबाजारी गरीब बाप मुलीच्या फीसाठी वणवण फिरतो. प्रेक्षक डोळे पुसत होते. साडूंनी गाठ मारली. बाहेर आल्यावर म्हणाले, "त्याचा सदरा बगितला? येवडा बारीक सूत गरीब मानूस घालल का? फाडलाय तोबी कात्रीनं. कापड घासून फाटतं तवा आदी कोपराला जातं. याचा छातीवर फाटलाय." एका ऐतिहासिक चित्रपटात हजारभर सैनिक एकाच मापाचे, एकाच धुण्यात निघालेले फेटे बांधून धावत आले, तेव्हा त्यांनी मला कोपराने ढोसलं आणि शेजारच्या बाईंना ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं, "आपल्या खात्यातला माल हाय यो." त्या बाई घरी जाऊन काय सांगत असतील कोण जाणे.

मधे त्यांच्या थोरल्या मुलाने हौसेने कानाचं यंत्र आणलं. साडूंनी ते घालून एक चित्रपट पाहिला. मध्यंतरापर्यंत कसेबसे बसले, मग यंत्र काढून शर्टाच्या खिशात टाकलं आणि माझ्याकडे असं बघितलं, की जणू कुणीतरी त्यांना फसवून आणलं आहे. "साडूभाऊ, हे लोक असा बोलतात? मना वाटलं काय तरी चांगला बोलत असतील." मग पुन्हा म्हणाले, "इतकी वर्सं मी बरे पिच्चर बगत व्हतो." यंत्र पुढे त्यांच्या बायकोने, म्हणजे माझ्या मेव्हणीने, डब्यात घालून कपाटात ठेवलं.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं आणि मी नेतही होतो. एका शुक्रवारी मात्र माझं हसणं थांबलं. थिएटरात आम्ही दोघे आणि आणखी सात-आठ जण असू. छोटा चित्रपट, नवी मुलगी नायिका. एका प्रसंगात नवरा तिला सांगत असतो, की मी नोकरी सोडली, आता आपण गावी जाऊ, तिथे घर बांधू, असं बरंच काही. तो उत्साहाने बोलतोय, ती भांडी पुसतेय. चित्रपट संपला. साडूंचा दोरा सरळ होता, एकही गाठ नाही. रिक्षात मी विचारलं, तर म्हणाले, "ती पोरगी. नवरा बोलत व्हता तवा तिच्याकडं बगितलं? तिनं तीच थाळी दोनदा पुसली. तिला गावाला जायचं न्हाय." मी मान हलवली. मी त्या वेळी नवऱ्याकडे बघत होतो, बोलत तोच होता ना. साडू पुढे म्हणाले, "बोलताना समदे करतात. समोरचा बोलतंय तवा यो काय करतो, ते बगायचं. ऐकता आलं त्यो खरा नट."

चाळीस वर्षं मी मराठी शिकवलं, नाटकं बसवली, स्पर्धांना परीक्षक म्हणून गेलो. इतकी सरळ गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती आणि माझी मला सुचली नव्हती.

त्या सुमारास आमच्या गावातल्या एका साप्ताहिकाचे संपादक माझ्याकडे आले. माझेच जुने विद्यार्थी. म्हणाले, सर, काहीतरी लिहा. मी चित्रपटांवर लिहू लागलो. सदराला नाव दिलं 'पडद्यासमोर', खाली माझं नाव, पुढे कंसात निवृत्त शिक्षक. पहिल्या लेखात दाढी आली, दुसऱ्यात मान, तिसऱ्यात गरिबाचा सदरा. चौथ्या लेखाचं पहिलंच वाक्य होतं, 'नट बोलताना ओळखायचा नसतो, ऐकताना ओळखायचा असतो.' भाषा माझी होती, एवढं खरं. मी स्वतःला सांगत असे, की सूत त्यांचं असेल, विणकाम माझं आहे. पण कापड तपासणाऱ्या माणसासमोर हे बोलण्याची माझी हिंमत नव्हती, म्हणजे मला ते तेव्हाही पटलेलं नसणार.

साडू ते सदर वाचत. चौथी शिकलेले होते, बोट ठेवून सावकाश वाचत आणि पुढच्या शुक्रवारी रिक्षात अभिप्राय देत. "बरा लिवलंय. पन तिसरी गाठ विसरलात." त्यात आपलं नाव कुठे, असं त्यांनी कधी विचारलं नाही. त्यांना ते सुचलंच नसेल असं मी तेव्हा समजत होतो. आपण मारलेल्या गाठी छापून येतात याचाच त्यांना आनंद होता. कारखान्यातल्या चहावाल्याला ते अंक दाखवत आणि म्हणत, "आमच्या साडूंनी लिवलंय." मेव्हणीने हे मला एकदा कौतुकाने सांगितलं. मीही कौतुकाने ऐकून घेतलं.

सदर गाजलं. गाजलं म्हणजे भिवंडीत गाजलं, पण आम्हाला तेवढी भिवंडी पुष्कळ असते. साप्ताहिकाच्या वर्धापनदिनाला माझा सत्कार ठरला. मी घरच्यांना घेऊन गेलो, साडू-मेव्हणीही आले. साडूंनी त्या दिवशी नवा पांढरा सदरा घातला होता. पाहुणे म्हणून आलेल्या एका प्राचार्यांनी भाषणात ते ऐकण्याचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं आणि म्हणाले, चित्रपट पाहण्याची अशी दृष्टी तपश्चर्येशिवाय येत नाही. टाळ्या पडल्या. पाचव्या रांगेत साडू दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होते. मला नारळ मिळाला, शाल मिळाली.

कार्यक्रमानंतर आम्ही काही जण व्यासपीठाच्या कडेला चहा घेत उभे होतो. संपादकांनी सहज विचारलं, "सर, तुमच्याबरोबर पिक्चरला नेहमी एक गृहस्थ असतात म्हणे. मोठ्याने बोलतात. लोक सांगतात, तेही चित्रपटातले जाणकार आहेत." प्राचार्य माझ्याकडे बघू लागले. शाल अजून खांद्यावर होती. मी हसलो आणि म्हणालो, "ते होय, ते माझे साडू. लूमवर कान गेलेत बिचाऱ्यांचे. त्यांना काय कळतंय चित्रपटातलं? एसीत झोपायला येतात. मीही म्हणतो, असू दे सोबत."

सगळे हसले. मी चहाचा घोट घेतला आणि समोर पाहिलं. सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला, दाराजवळ, हातात बटाटावड्याची बशी घेऊन साडू उभे होते. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

ते खूप लांब होते, मधे माणसं होती, उजेड बेताचा होता, असं मी त्या दिवसापासून स्वतःला सांगत आलो. ज्या माणसाला मांडवाच्या पलीकडच्या टोकाचा कच्चा भात कळत होता, त्याच्याबद्दल मी हे स्वतःला सांगत होतो. साडूंनी बशी खाली ठेवली, जवळ आले, माझ्या खांद्यावरची शाल बोटांत धरून बघितली आणि म्हणाले, "चांगली हाय. एकबी गाठ न्हाय." मग मेव्हणीला हाक मारली आणि दोघे घरी गेले.

पुढच्या शुक्रवारी ते नेहमीप्रमाणे आले. मला केवढं हायसं वाटलं ते सांगता येत नाही. चित्रपट दाढीवाल्याचाच होता, त्यात तो भरपूर चाललाही. साडू शांत बसून होते. त्यांनी खिशात हात घातला नाही. मागच्या पोरांनी विचारलं, "क्या चाचा, आज चुप?" तर नुसतं हसले. रिक्षात मी विचारलं, "काय, किती गाठी?" ते बाहेर बघत म्हणाले, "चांगला व्हता."

त्यानंतर सगळेच चित्रपट चांगले झाले. दीड वर्ष आम्ही दर शुक्रवारी जात होतो आणि दीड वर्षात साडूंना एकही चित्रपट वाईट वाटला नाही. नायक धावत्या ट्रकवर उभा राहून जेवला तरी चांगला, सत्तरीचा नट कॉलेजात गेला तरी चांगला. त्यांनी येणं थांबवलं असतं तर मला विचारता तरी आलं असतं. भांडले असते तर मी उलट बोललो असतो आणि बहुधा रडलोही असतो. ते येत राहिले, माझ्यासाठी शेंगदाण्याची पुडी घेत राहिले, पायरी आली की माझा दंड धरत राहिले. फक्त जे माझ्याकडे नव्हतं आणि त्यांच्याकडे होतं, तेवढं त्यांनी मला देणं बंद केलं. मी तीन लेख स्वतःच्या बुद्धीने लिहून पाहिले. संपादक म्हणाले, सर, तब्येत बरी नाही का? मग मी डोळ्यांचं कारण सांगितलं आणि सदर बंद झालं.

त्या दीड वर्षात एकदा ते दोघे आमच्याकडे चहाला आले होते. बायकोने पोह्यांच्या बशा मांडता मांडता साडूंसमोर उभं राहून विचारलं, "भाऊजी, हल्ली पिक्चरबद्दल काही बोलत नाही तुम्ही. पूर्वी कसं सगळं सांगायचात, आम्हाला बघायची गरजच पडायची नाही."

साडू म्हणाले, "आमी काय सांगनार ताई. आमी एसीत झोपतो ना."

बायको हसली, मेव्हणीही हसली. साडूही हसले, अगदी मोकळेपणाने. ते माझ्याकडे बघत नव्हते. मी बशीतले पोहे खाली बघत खाल्ले आणि त्यात मीठ कमी आहे असं म्हणालो. मीठ बरोबर होतं.

माफी मागायची असं मी त्याच संध्याकाळी ठरवलं. पण साडूंची माफी मागणं ही फार अवघड गोष्ट होती. आपण माफी मागतो ती मान खाली घालून, पुटपुटत. ती सोय त्यांच्याकडे नव्हती. त्यांच्यासमोर उजेडात उभं राहायचं, चेहरा वर करायचा, त्यांच्या डोळ्यांसमोर एकेक शब्द ओठांनी स्पष्ट उच्चारायचा, आणि तो उच्चारताना ते आपल्या तोंडाकडे बघत राहणार. नाहीतर ओरडायचं, म्हणजे सगळ्या आळीला कळणार. थिएटरच्या अंधारात एकदा मी म्हणूनही टाकलं, त्यांच्या डाव्या कानाशी, हळूच. ते पडद्याकडे बघत होते. मागच्या खुर्चीवरच्या पोराने मात्र विचारलं, "क्या हुआ, चाचाजी?" मी म्हणालो, कुछ नहीं.

दोनदा त्यांच्या गावी गेलो. एकदा गोदामाचे कुणी लोक आले होते, ओटीवर गर्दी होती. दुसऱ्यांदा ते एकटेच अंगणात खुर्ची टाकून बसले होते, उन्हात, समोर दुसरी रिकामी खुर्ची. याहून चांगली वेळ मिळणार नव्हती. मी बसलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि वाट पाहिली. मला वाटतं, त्यांना माहीत होतं. मी मानकोलीच्या पुलावरच्या ट्रॅफिकबद्दल बोललो. त्यांनी ते सगळं नीट वाचून घेतलं.

पुढे त्यांना हृदयाचं दुखणं जडलं आणि आमचे शुक्रवार थांबले. दुखणं वाढलं तेव्हा मी दवाखान्यात गेलो. पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिलो. खिडकीतून माझ्या तोंडावर ऊन पडत होतं. त्यांना बोलवत नव्हतं, डोळे मात्र लख्ख होते आणि ते माझ्या ओठांवर होते. मेव्हणी औषध आणायला खाली गेली होती, खोलीत तिसरं कुणी नव्हतं. मी तोंड उघडलं आणि विचारलं, "जेवलात का?" त्यांनी मान हलवली. थोड्या वेळाने डोळे मिटून घेतले. त्यानंतर चौथ्या दिवशी ते गेले. तेराव्याला माझ्या शेजारी बसलेल्या कुणीतरी म्हटलं, साधा माणूस होता. तेव्हा मी बोलायला हवं होतं. तेव्हाही नाही बोललो.

तर साडूभाऊ, आता सांगतो. 'पडद्यासमोर' या सदरातलं एकूण एक मत तुमचं होतं. प्राचार्यांनी म्हटलेलं वाक्य तुमचं होतं, रिक्षात तुम्ही मला सांगितलेलं. तुम्ही एकाही चित्रपटाला झोपला नाहीत. झोप मलाच लागायची आणि तुम्ही मला कधी उठवलं नाही. त्या दिवशी शाल अंगावर घेऊन चार माणसांसमोर मी तुमच्याबद्दल जे बोललो ते खोटं होतं. बोलताना मला ते खोटं आहे हे माहीत होतं. तुम्ही ते वाचलंत हेही मला माहीत होतं. माझी चूक झाली. मला माफ करा.